इंग्लंडमधल्या छोट्या उपनगरात घर घ्यावं का? राहायला कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं लंडनजवळ भाड्याने राहताय, पुण्यात तुमच्या नावावर एक फ्लॅट आहे आणि आता मुलांच्या शाळेसाठी शांत उपनगरात घर घ्यायचं मनात आहे. घर घेताना काय बघावं, तिथलं राहणं कसं असतं आणि आई काही महिने आली तर तिला करमेल का, हे तुमचे तीन प्रश्न. मी २०१९ साली लंडनच्या पश्चिमेच्या रेडिंग शहराला लागून असलेल्या लोअर अर्लीत घर घेतलं आणि तेव्हापासून इथेच राहतो. त्यावरून सांगतो.

आधी पुण्याच्या फ्लॅटबद्दल बोलू, कारण बहुतेकांना ते फार उशिरा कळतं. इथे पहिलं घर घेणाऱ्याला स्टॅम्प ड्युटीत सवलत मिळते, पण ‘पहिलं’ म्हणजे जगात कुठेही पहिलं. पुण्याचा फ्लॅट तुम्ही विकत घेतलेला असो, बक्षीसपत्राने मिळालेला असो की वडिलांच्या मागे वारसाने आलेला, सवलत गेली. शिवाय त्या फ्लॅटमधल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४० हजार पौंडांच्या वर असेल, तर नवं घर ‘दुसरं घर’ धरलं जातं आणि संपूर्ण किमतीवर ५ टक्के जादा भरावे लागतात. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ४ लाख ७५ हजार पौंडांच्या घराचा हिशेब करून बघा. पहिलं घर असेल तर ८,७५० पौंड. साधा दर लागला तर १३,७५०. दुसरं घर ठरलं तर ३७,५००! माझ्या मित्राचा कोथरूडला फ्लॅट होता. तेव्हा जादा दर ३ टक्के होता, तरी ऐन शेवटच्या महिन्यात तेवढी रक्कम उभी करताना त्याची दमछाक झाली. नवरा-बायकोंपैकी एकाच्याच नावावर फ्लॅट असला तरी हा जादा दर दोघांना मिळून लागतो, म्हणून ‘घर बायकोच्या नावावर घेऊ’ ही वाट बंद समजा. ऑफर द्यायच्या आधी, पहिल्याच भेटीत, सॉलिसिटरला, म्हणजे घराचा व्यवहार बघणाऱ्या वकिलाला, फ्लॅटबद्दल सगळं सांगा.

आता गाव. लोअर अर्ली १९७७ पासून शेतजमिनीवर वसत गेलं. त्या काळी युरोपातल्या सगळ्यांत मोठ्या खासगी वसाहतींमध्ये त्याची गणना होत असे. विटांची दोनमजली घरं, पुढे मोटार उभी करायला जागा, मागे कुंपण घातलेली बाग आणि सगळीकडे वळणावळणाच्या बंद गल्ल्या. इथे त्यांना ‘क्लोज’ म्हणतात. मध्ये सुपरमार्केट, दक्षिणेला एम-४ महामार्ग, एका अंगाला विद्यापीठ आणि शहरात जायला २१ नंबरची बस. रेडिंग स्टेशनवरून जलद गाडी लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला अर्ध्या तासाच्या आत पोचते. आसपासच्या आयटी कंपन्यांमुळे भारतीय घरं पुष्कळ आहेत. गणपतीत पाच-सहा घरी आरतीला जाणं होतं, हे इथे यायच्या आधी मला खरं वाटलं नसतं.

घर बघायला शनिवारी सकाळी बोलावतात. तेव्हा ऊन पडलेलं असतं आणि घर आवरून ठेवलेलं असतं. माझं ऐकाल तर आधी गल्ली बघा, मग घर. आम्ही नोव्हेंबरातल्या एका बुधवारी संध्याकाळी साडेसहाला, पावसात, त्या क्लोजच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो. पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी कळल्या. एक, वारा नैऋत्येकडून असला की महामार्गाची घरघर सतत ऐकू येते. दुसरी, प्रत्येक घरापुढे दोन गाड्या आहेत आणि तिसरी कुठे लावायची यावरून तणातणी होत असणार. तिसरी गोष्ट अशी की शेजारच्या ऐंशीच्या घरातल्या आजीबाई छत्री घेऊन बाहेर आल्या आणि ‘तुम्ही हरवलात का?’ म्हणून विचारू लागल्या. घर घ्यायचा विचार आहे म्हटल्यावर त्यांनी दारातच पंधरा मिनिटं माहिती दिली. त्या घराच्या मागच्या कोपऱ्यात पावसाचं पाणी साठतं आणि आधीच्या मालकाने तिथली मोरी दोनदा खोदली आहे, असं त्या म्हणाल्या. एजंटाने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. एजंटाचे पैसे विकणारा देतो, तो त्याचा माणूस असतो, हे कायम ध्यानात असू द्या. ते घर आम्ही सोडलं नाही. सर्व्हेअरला, म्हणजे घराची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला, तो कोपरा मुद्दाम बघायला लावला आणि दुरुस्तीचा खर्च किमतीतून कमी करून घेतला.

हे आम्ही पसंत केलेलं दुसरं घर. पहिलं चौदाव्या आठवड्यात हातचं गेलं. आपल्याकडे इसार दिला की व्यवहाराला थोडं तरी बळ येतं. इंग्लंडमध्ये ऑफर स्वीकारली गेली तरी करारांची अदलाबदल, म्हणजे ‘एक्स्चेंज’, होईपर्यंत कुणीच कुणाला बांधलेलं नसतं. शिवाय साखळी असते. तुमचा विक्रेता दुसरं घर घेतोय, तो ज्याचं घेतोय तो तिसरं, आणि सगळ्यांच्या किल्ल्या एकाच दिवशी फिरायला हव्यात. आमच्या साखळीत सर्वांत वरच्या जोडप्याने विचार बदलला आणि खालची तिन्ही घरं अडकली. सर्व्हे आणि सॉलिसिटर मिळून आमचे चौदाशे पौंड गेले. पैशांपेक्षा मुलीला ‘ही तुझी खोली’ म्हणून दाखवली होती, ते जास्त लागलं. म्हणून एक्स्चेंज होईपर्यंत मुलांना खोली दाखवू नका. साखळी नसलेलं घर मिळालं, तर त्यासाठी थोडे जास्त मोजायला माझी हरकत नाही.

किमतीचा अंदाज घेणं मात्र इथे सोपं आहे. इंग्लंड-वेल्समधली घरं १९९५ पासून कोणत्या तारखेला कितीला विकली गेली, हे लँड रजिस्ट्री, म्हणजे मालकीची नोंद ठेवणारं सरकारी खातं, जाहीर करते. गल्लीतल्या प्रत्येक घराचा आकडा फुकट बघता येतो. ७ पौंड भरले की मालकीचा उतारा मिळतो. तो नीट वाचा, कारण अटी त्यातच असतात. आमच्या घराला पुढच्या बाजूला कुंपण घालायला मनाई आहे, कारण वसाहत आखतानाच पुढची हिरवळ मोकळी ठेवायचं ठरलं होतं. घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट कायमच्या मालकीचं, आहे ना, हे बघाच. लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक मुदतीच्या पट्ट्यावरचं, असेल आणि मुदत ८० वर्षांच्या खाली आली असेल, तर मुदत वाढवणं महाग पडतं.

आईवडिलांकडून पैसे येणार असतील तर सॉलिसिटर त्यांचं पत्र आणि त्यांच्या बँकेचे कागद मागतो. ते आधीच जमवा. आणि पैसे पाठवायच्या दिवशी ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे’ अशी ईमेल आली तर एक पौंडही पाठवू नका. स्वतः फोन उचला आणि तुमच्याकडे पहिल्यापासून असलेल्या नंबरवर विचारा. अशा ईमेलनी लोकांची आयुष्यभराची पुंजी गेलेली आहे.

शाळेबाबत एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. इथल्या पत्त्यात ‘रेडिंग’ लिहितात, पण कौन्सिल, म्हणजे स्थानिक पालिका, वोकिंगमची आहे आणि प्रवेशाचा अर्ज तिकडे जातो. कौन्सिलच्या नकाशावर घराचा पत्ता स्वतः टाका आणि मागच्या वर्षी त्या शाळेत किती अंतरापर्यंतची मुलं घेतली ते बघा. माध्यमिकच्या अर्जाची मुदत ३१ ऑक्टोबर, प्राथमिकची १५ जानेवारी. त्या तारखेच्या आत घर ताब्यात यायला हवं, हे धरून उलट मोजत या.

राहायला लागल्यावर पहिल्या हिवाळ्यात ओल भेटते. आपला स्वयंपाक म्हणजे कुकरच्या शिट्ट्या, फोडण्या, डाळीची वाफ. त्यात थंडीमुळे कपडेही घरातच वाळतात. बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे आमच्याकडे डिसेंबरात काळी बुरशी धरली. तपासल्यावर कळलं की शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतच नव्हता, जाळीतून गाळून परत स्वयंपाकघरातच सोडत होता. भिंतीला भोक पाडून तो बाहेर काढला, कपाट चार बोटं पुढे ओढलं आणि ओल गेली. घर बघताना हा पंखा लावून बाहेर जा आणि भिंतीला हात लावून वारा येतोय का ते बघा. शेजाऱ्यांच्या नजरेत भरणाऱ्या गोष्टी दोनच: कचऱ्याचे डबे ठरल्या दिवशी बाहेर जाणं आणि हिरवळ कापलेली असणं. तेवढं सांभाळलं की माणसं जीव लावतात. बोलायला मात्र वेळ घेतात, आणि आपल्यालाच आधी हाक मारावी लागते.

राहता राहिल्या आई. खरं सांगतो, माझी आई पहिल्यांदा सांगलीहून आली तो पहिला आठवडा फार जड गेला. ती खिडकीत बसून रस्त्यावरची माणसं मोजायची. जेवणापर्यंत अकरा, त्यांतली सहा कुत्रा फिरवणारी. व्हिजिटर व्हिसावर एका खेपेला सहा महिने राहता येतं, पण डिसेंबरात चारलाच अंधार पडतो, तेव्हा बोलवाल तर मे ते सप्टेंबर. आणि घर निवडताना आई एकट्या, मोटारीशिवाय, कुठवर चालत जाऊ शकतील ते स्वतः चालून बघा. आमच्याकडून मेडन अर्ली तलाव चालत वीस मिनिटांवर आहे, वाट सपाट आहे आणि कडेला बाकं आहेत. दुसऱ्या आठवड्यापासून आई रोज जायला लागली. वाटेत त्या शेजारच्या आजीबाई भेटल्या. आईला इंग्रजी चार शब्दांपलीकडे येत नाही, पण बागेतली मेथी द्यायला शब्द लागत नाहीत. सप्टेंबरात आई परत निघाली तेव्हा आजीबाई फाटकाशी आल्या आणि मला म्हणाल्या, ‘त्यांना विचार, मेथीला पाणी रोज घालायचं की एक दिवसाआड?’