फ्लोट ट्रिपला पहाटे पाचलाच का निघायचं?

फ्लोट ट्रिपचा, म्हणजे नावेतून नदीच्या प्रवाहाबरोबर जात मासे पकडण्याच्या सहलीचा, गाइड पहाटे पाचला बोलावतोय, ब्राउन ट्राउट या माशासाठी एवढ्या लवकर जाण्यात खरंच अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. उन्हाळ्यात जाणार असाल तर आहे, आणि त्यातला बराचसा पहिल्या तास-दीड तासातच आहे.

ब्राउन ट्राउट उजेडाला बुजतो. त्यातही दुसरे मासे खाऊन मोठा झालेला ब्राउन दिवसभर बुडालेल्या ओंडक्याखाली नाहीतर काठाच्या कपारीत दडून बसतो आणि अंधारात शिकारीला निघतो. पहाटे तो अजून काठालगतच्या उथळ पाण्यात असतो. दुसरं कारण पाण्याचं. उन्हाळ्यात नदी सूर्योदयाच्या सुमाराला सगळ्यात गार असते, आणि गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. पाणी २० अंश सेल्सियसच्या पुढे गेलं, की दमलेला मासा सोडून दिला तरी जगेलच असं नाही. म्हणून मी थर्मामीटर जवळ ठेवतो आणि तो आकडा दिसला की रॉड आवरतो.

नाव आपोआप वाहते, आपण बसून गळ टाकायचा, असं वाटत असेल तर तसं नाही. गाइड मध्ये बसतो, तोंड वाहत्या पाण्याच्या दिशेला, आणि उलटी वल्ही मारून नावेचा वेग तोडत राहतो. तरीही एका जागेला फार तर एक फेक मिळते. गळाला ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी नकली माशी) किंवा निम्फ (पाण्याखाली जाणारी नकली अळी) असेल तर ती नावेच्या आडवी न टाकता खालच्या अंगाला, तिरकी टाका. म्हणजे नाव आणि फ्लाय बरोबरीनं वाहतात आणि लाइन फ्लायला ओढत नाही.

माझ्या पहिल्या पहाटे धुकं इतकं होतं, की काठ दिसतच नव्हता. स्ट्रीमर, म्हणजे छोट्या माशासारखी दिसणारी फ्लाय, पाण्यात पडल्याचा नुसता ‘टप्प’ आवाज यायचा. बोटाएवढी, काळी स्ट्रीमर. अंधुक उजेडात काळा आकार उठून दिसतो. दोन झटके ओढले आणि मागचं पाणी फुगलं, एक पिवळीधमक कूस वळली. मी सवयीनं रॉड वर उचलला. स्ट्रीमर तोंडातून सुटून थेट माझ्या टोपीवरून मागे! अशा वेळी रॉडचं टोक पाण्याकडेच ठेवून लाइन हातानं जोरात खेचायची असते. गाइड काही बोलला नाही, पुढचं वल्हं मात्र जरा जोरात मारलं.

लीडरला, म्हणजे लाइनच्या टोकाच्या बारीक दोऱ्याला, फ्लाय आदल्या रात्रीच बांधून ठेवा, गारठलेल्या बोटांनी अंधारात गाठ बसत नाही. गळाच्या काट्याचं उलटं टोक पकडीनं दाबून टाका, माशाला हात ओले करूनच धरा. काही नद्यांवर सूर्योदयाआधी गळ टाकायला मनाई असते, तेवढं गाइडला विचारून घ्या. असली मनाई असेल तर पाचचं बोलावणं नाव पाण्यात सोडून पहिल्या वळणापर्यंत पोहोचण्यासाठी असणार. तरीही जा.