रंगेल नायक आवडतो, म्हणजे माझं काही चुकतंय का?

"मॅडम, माझं लग्न ठरलंय आणि मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भलत्याच पुरुषांच्या नादात जागते."

एवढं बोलून ती थांबली. मग घाईघाईने म्हणाली, "खऱ्या नव्हे. पुस्तकातल्या."

वय 32, नोकरी जबाबदारीची. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) तिला वेड होतं इंग्लंडमधल्या रीजन्सी काळातल्या प्रेमकादंबऱ्यांचं. 1811 ते 1820 या काळात आजारी राजाच्या जागी त्याचा मुलगा कारभार बघत होता, तो हा काळ. ड्यूक, अर्ल, नाचाचे समारंभ, घोडागाड्या. नायक जुगारी, बाहेरख्याली, गावभर बदनाम. नायिका लग्नाचं वय उलटलेली, पुस्तकांत डोकं घालून बसणारी, नाचाच्या वेळी भिंतीशी बसून राहणारी. दोघांचं जमणं शक्यच नाही, आणि जमतं.

तिचा होणारा नवरा मात्र सरळ, शब्दाला जागणारा. "मला मनातून वाईट पुरुषच हवाय का? मग मी या चांगल्या माणसाला फसवतेय ना?" हे विचारताना तिने मान वर केली नाही.

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. कॉलेजातली मुलगी विचारते, पन्नाशीतली बाई विचारते, कधी मुलीच्या कपाटात अशी पुस्तकं सापडलेली आई विचारते. शरम सगळ्यांची सारखीच, म्हणून मी आधी तिलाच हात घालते. सॅम्युएल रिचर्डसनने 1747-48 साली 'क्लॅरिसा' ही कादंबरी भागाभागाने छापली. तिच्यातला लव्हलेस वाचकांनी धिक्कारावा म्हणूनच त्याने रंगवला होता. तो नायिकेला गुंगीचं औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो. तरीही पुढचे भाग यायच्या आत, त्याला सुधारा आणि दोघांचं लग्न लावून द्या, अशी गळ वाचकांनी लेखकाला घातली. रिचर्डसन अस्वस्थ झाला. पुढच्या आवृत्त्यांत त्याने लव्हलेसला आणखी काळं फासलं. तेव्हा ही ओढ पावणेतीनशे वर्षं जुनी आहे. ती तिच्या एकटीच्या स्वभावातला दोष नव्हती.

पुढच्या वेळी येताना सगळ्यात जास्त वाचलेलं पुस्तक घेऊन या, असं मी तिला सांगितलं.

तिने ते टेबलावर ठेवलं आणि ते आपसूक मधल्याच एका पानाशी उघडलं. कणा तिथेच मोडला होता. समासात पेन्सिलची बारीक रेघ. मला वाटलं, चुंबनाचा प्रसंग असेल, नाहीतर रातोरात पळून जाण्याचा. तसं काहीच नव्हतं. पहाटे जुगाराच्या क्लबातून परतलेला नायक नायिकेला एवढंच विचारतो, की तीन आठवड्यांपूर्वी लोक आले म्हणून तुमचं वाक्य अर्धं राहिलं, तुम्ही पुढे काय म्हणणार होता?

मी विचारलं, "तुमचं वाक्य कुठे अर्धं राहतं?"

ती बराच वेळ पुस्तकाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग हळूहळू सांगू लागली. घरातली थोरली. वडिलांचं आजारपण तिने काढलं, भावाचं शिक्षण तिने निभावलं. तिला काय हवंय हे कुणी विचारत नाही, कारण ती कधी अडत नाही. लग्नाची तारीखसुद्धा ठरल्यावर तिला कळवली गेली.

इतकी वर्षं हे ऐकल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. रंगेल नायकाची भूल त्याच्या व्यसनांत नसते. ज्याच्यावर सगळ्यांचे डोळे आणि जो कुणालाच मोजत नाही, तो माणूस एकीपाशी थांबतो आणि तिचं बोलणं लक्षात ठेवतो, ही खरी गोष्ट. जोडी विजोड लागते तीही यासाठीच. रूप, पैसा, घराणं यांत ती कुठेच बसत नाही. मग त्याला आवडते ती तिची बुद्धी, तिचं तोंडावर उत्तर देणं. कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या बाईला कुणीतरी नीट पाहिलेलं असतं.

यात भीतीचाही भाग आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या इंग्लंडमध्ये लग्न होताच बाईची कमाई आणि चीजवस्तू नवऱ्याची होई. हे बदलायला 1870 आणि 1882 चे कायदे यावे लागले. लहान मुलं आपल्याकडे राहावीत म्हणून आईला कोर्टात अर्ज करता आला तो 1839 नंतर. 1857 पर्यंत पुन्हा लग्नाची मोकळीक देणारा घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे, आणि तसा तो मिळालेल्या बायका सगळ्या मिळून चार. म्हणजे नवरा चुकला की जन्म गेला. कादंबरी याच भीतीला हात घालते आणि सगळ्यात धोक्याचा पुरुष सगळ्यात भरवशाचा करून दाखवते. शेवट गोड होणार हे वाचणारीला ठाऊक असतं. शिवाय लेखिका तिला मधूनमधून नायकाच्या मनात नेते. त्याचा पश्चात्ताप नायिकेच्या आधी आपल्याला कळतो.

खऱ्या माणसाच्या मनात असं डोकावता येत नाही. कवी बायरन त्या काळातला सगळ्यात गाजलेला रंगेल पुरुष. अ‍ॅनाबेला मिलबँक गणिताची आवड असलेली, धार्मिक, काटेकोर. आपण त्याला सुधारू या विश्वासाने तिने जानेवारी 1815 मध्ये त्याच्याशी लग्न केलं. पुढच्या जानेवारीत महिन्याभराच्या मुलीला घेऊन तिने त्याचं घर सोडलं. अशा अ‍ॅनाबेलाही माझ्यासमोर बसतात, म्हणून मी प्रत्येकीला सरळ विचारते: हा माणूस फक्त पुस्तकात आहे, की तुमच्या फोनमध्येही आहे? फोनमध्ये असेल, त्याची भीती वाटत असेल, तो अपमान करत असेल आणि "तो बदलेल" हे फक्त तुम्हीच म्हणत असाल, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी तुमच्या सुरक्षिततेचं बोलायला हवं.

हिच्या आयुष्यात तसं कुणी नव्हतं. तिने वाचन सोडावं असं मला क्षणभरही वाटलं नाही. मी तिला एकच काम दिलं: आठवड्यातून एकदा, गिळलेलं एक वाक्य होणाऱ्या नवऱ्यासमोर पुरं करायचं.

पहिल्याच वेळी भांडण झालं. तारीख फार लवकरची आहे असं ती म्हणाली, त्यावर तो म्हणाला, "मला वाटलं तुला सगळं चालतं." "चालतं असं मी कधी म्हटलं?" हे तिच्या तोंडून इतक्या जोरात निघालं की ती स्वतःच दचकली. आता मोडतंय की काय, या धास्तीने माझ्याकडे आली. मला मात्र बरं वाटलं, आणि तसं मी तिला सांगितलंही. चार दिवस तो गप्प होता. मग त्याने फोन करून ते पुस्तक वाचायला मागितलं.

चाळीस पानं वाचून त्याने विचारलं, "हा माणूस इतका उद्धट का वागतो? आणि तुला त्याचं काय आवडतं?"

ती दीड तास बोलली. तो मध्ये एकदाच बोलला, चहा गार होतोय हे सांगायला.