हजार वर्षांपूर्वीची सनद अस्सल कशी ठरते?

प्रश्न : हॅरी ब्रेसलाऊ या जर्मन इतिहासकारांनी मध्ययुगीन सम्राटांच्या सनदा संपादित केल्या, असे वाचले. त्यांतली खरी कोणती, बनावट कोणती हे ते कशावरून ठरवत? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सुरुवात हस्ताक्षरापासून. ही पद्धत व्हिएन्नात इतिहासकार थिओडोर फॉन सिकेल यांनी घालून दिली आणि ब्रेसलाऊंनी दुसरा हेन्री व दुसरा कॉनराड यांच्या सनदांना ती लावली. एका राजाच्या सगळ्या मूळ सनदा जमवायच्या आणि त्या कोणाला दिल्या, त्यानुसार वेगळ्या करायच्या. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन मठांच्या सनदांत एकच हात दिसला, तर तो कारकून राजाच्या दफ्तरातलाच. त्याचे नाव कळत नाही, म्हणून चान्सेलरच्या, म्हणजे दफ्तराच्या प्रमुखाच्या, नावाचे आद्याक्षर आणि पुढे अ, ब, क अशी खूण त्याला देतात.

मात्र हात अनोळखी निघाला म्हणून सनद लगेच खोटी ठरवू नये. पुष्कळदा मठ आपल्याच लेखकाकडून मजकूर लिहून आणत आणि दफ्तर फक्त शेवटच्या ओळी व शिक्का घालून देई. अशा वेळी मजकुराची धाटणी, म्हणजे प्रस्तावना, दंडाची धमकी, साक्षांकनाची वाक्ये, दफ्तरातल्या ओळखीच्या कारकुनांच्या सनदांशी ताडतात. मूळ हरवून नक्कलच उरली असेल, तर हस्ताक्षराच्या जागी हाच आधार राहतो.

मग कालगणना. सनदेत ख्रिस्तवर्ष, इंडिक्शन, राज्यवर्ष आणि सम्राट झाल्यापासूनचे वर्ष असे चार आकडे असतात. समजा, कॉनराडच्या सनदेवर 1 मे 1030 ही तारीख आहे. इंडिक्शन हे 15 वर्षांचे चक्र. ख्रिस्तवर्षात 3 मिळवून 15 ने भागायचे, बाकी हेच उत्तर आणि बाकी शून्य आली तर 15. इथे 1033 ची बाकी 13. राज्याभिषेक 8 सप्टेंबर 1024 चा, म्हणून राज्यवर्ष 6 वे. रोममध्ये सम्राटपद मिळाले 26 मार्च 1027 ला, म्हणून ते वर्ष 4 थे. आपल्याकडे शक, सुहूर सन आणि राज्याभिषेक शक ताडून पाहतात, तसेच हे.

आकडे जुळले नाहीत तर? इथेच घाई नडते. दान एका ठिकाणी जाहीर व्हायचे आणि सनद काही महिन्यांनी दुसरीकडे लिहून व्हायची, हे इतिहासकार युलिउस फिकर यांनी दाखवून दिले. त्यामुळे ठिकाण आणि तारीख यांचा मेळ नसलेली सनदही अस्सल असू शकते. कारकुनाने वर्ष बदलायला विसरणे तर नेहमीचेच. उलट, चारही आकडे चोख जुळलेली सनदही बनावट निघू शकते, कारण खोटे करणाऱ्यापुढे खरा नमुना असतो.

शिक्क्यावर एकट्याने विसंबू नये. त्या काळी चर्मपत्राला फुलीसारखी चीर देऊन मेण आरपार दाबत. खऱ्या सनदेचा शिक्का काढून खोट्या सनदेवर बसवण्याचे प्रकार झालेले आहेत, म्हणून चिरेच्या कडा आणि मागची बाजू पाहावी. खऱ्या सनदेतला एखादा शब्द खरवडून गावाचे नाव घुसवलेले असेल, तर तिरप्या उजेडात तिथले तंतू उठलेले दिसतात आणि शाई पसरलेली असते.

प्रश्न : ब्रेसलाऊंना स्ट्रासबुर्ग का सोडावे लागले? (एक वाचक, पणजी)

उत्तर : 1890 पासून ते तिथे प्राध्यापक होते. पहिल्या महायुद्धानंतर स्ट्रासबुर्ग ज्यात आहे तो अल्सेस प्रांत जर्मनीकडून फ्रान्सकडे गेला आणि 1 डिसेंबर 1918 ला फ्रेंच अधिकाऱ्यांनी त्यांना हद्दपार केले. सत्तरीच्या विद्वानाशी असे वागणे अन्यायाचेच होते. पुढे ते हायडेलबर्गला राहिले आणि 1926 मध्ये तिथेच वारले. आफ्रिकेत रुग्णालय चालवणारे डॉक्टर अल्बर्ट श्वाइत्झर हे त्यांचे जावई. 1889 च्या त्यांच्या सनदाशास्त्राच्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती अपुरी राहिली होती. तिचा शेवटचा भाग हान्स-वाल्टर क्लेवित्झ यांनी 1931 मध्ये काढला.