केळीचं खोड आणि तुझी अकरा संयुगं

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा परवा मिळाला. दोनदा वाचला, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. हातापायांच्या नसांवर मायलिन, म्हणजे नसेतल्या तंतूंवरचं चरबीचं आवरण, चढायला मदत करणारी संयुगं हा विषय तू निवडलास, याचा मला मनापासून आनंद झाला. पण आराखड्यात अकरा संयुगांची यादी आहे आणि त्यातलं एकही का निवडलं, याचं कारण कुठेच नाही. म्हणून हे पत्र.

यादी जरा बाजूला ठेव. रावेरला घरी जाशील तेव्हा घड उतरवलेल्या केळीचं खोड कोयत्यानं आडवं काप आणि चकती हातात धरून बघ. मधे पांढरा दांडा, त्याच्याभोवती सोपटावर सोपट. नसेचा छेद ऑस्मियम या रसायनानं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की बरंचसं असंच दिसतं. मधे फिकट अक्षतंतू, म्हणजे संदेश वाहणारा धागा, भोवती मायलिनचं काळंभोर कडं. ऑस्मियम चरबीला काळं करतं, आणि कोरड्या मायलिनमध्ये 70 टक्क्यांहून जास्त भाग स्निग्ध पदार्थांचाच असतो.

फरक एकच, पण तोच महत्त्वाचा. केळीचं प्रत्येक सोपट वेगळ्या पानाचं असतं. मायलिनचे सगळे वेढे मात्र एकाच पेशीचे, तिला श्वॉन पेशी म्हणतात. अळूवडीसाठी पानांची वळकटी करावी तशी ती आपलंच पटल तंतूभोवती गुंडाळत जाते. शिवाय एक पेशी एका तंतूचा एकच तुकडा झाकते, तोही फार तर मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा. दोन तुकड्यांच्या मधली उघडी जागा म्हणजे रॅनव्हिएची गाठ, आणि संदेश या गाठीवरून त्या गाठीवर उड्या मारत जातो. झाकलेल्या जाड तंतूत तो सेकंदाला 100 मीटरच्याही पुढे धावतो. उघड्या बारीक तंतूत दोन मीटर गेला तरी खूप.

तेव्हा 'हे संयुग मायलिन वाढवतं' असं तू लिहिलंस की मी लगेच विचारणार, म्हणजे नेमकं काय करतं? पेशींची संख्या वाढवतं, की पेशीला गुंडाळायला लावतं? वेढे वाढवतं, की पेशीच्या बाहेरचं अस्तर तयार करतं? या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल, तर ते नाव यादीतून काढ.

क जीवनसत्त्वाचंच बघ. 1987 साली दिसून आलं की ते नसेल तर कल्चरमधल्या, म्हणजे प्रयोगशाळेत तबकडीत वाढवलेल्या, श्वॉन पेशी तंतूला नुसत्या चिकटून बसतात, मायलिन करत नाहीत. क जीवनसत्त्व लागतं ते कोलॅजन नीट बनायला, आणि कोलॅजनशिवाय पेशीभोवतीचं बेसल लॅमिना नावाचं अस्तर तयार होत नाही. अस्तर नाही तर गुंडाळणं नाही.

हे मला पाठ होतं, तरी माझे तीन महिने वाया गेले. तबकडीत तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले, त्यांच्यावर श्वॉन पेशी माळेतल्या मण्यांसारख्या रांगेत, आणि मायलिन शून्य. मी ज्या संयुगाची चाचणी घेत होतो त्याला दोष दिला, मात्रा दुप्पट केली, सीरम बदललं. शेवटी एका संध्याकाळी फ्रीजच्या दारातली क जीवनसत्त्वाची बाटली खिडकीशी धरली, तर द्रावण पिवळं पडलेलं. महिन्यापूर्वी मीच बनवलं होतं आणि चिठ्ठीवर तारीख घातली नव्हती. हे द्रव्य पाण्यात फार लवकर ऑक्सिडाइज होतं. ताजं करून मिलिलिटरला 50 मायक्रोग्रॅम घातलं आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच जाळ्यात रंगवलेल्या मायलिनच्या बारीक हिरव्या काड्या चमकल्या. आनंद झाला, पण तीन महिने ज्या संयुगाला मी नावं ठेवत होतो, त्याची खरी परीक्षा तोवर झालीच नव्हती, हेही कळलं. म्हणून तुझ्या प्रत्येक प्रयोगात क जीवनसत्त्व न घातलेली एक तबकडी हवी आणि फक्त तेच घातलेली दुसरी. त्या दोघींनी अपेक्षेप्रमाणे उत्तर दिलं, तरच तुझं संयुग घातलेल्या तिसरीकडे बघायचं.

या गोष्टीचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. शार्को-मारी-टूथ नावाचा नसांचा आनुवंशिक आजार आहे. त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात पीएमपी-22 या मायलिन प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत जादा असते. 2004 साली अशा उंदरांना क जीवनसत्त्वानं चांगलाच गुण आला. मग माणसांवर चाचण्या झाल्या. त्यातल्या एकीत रुग्णांना दोन वर्षं रोज दीड ग्रॅम दिलं. फरक पडला नाही. ज्या पेशीला अस्तरासाठी क जीवनसत्त्व कमी पडतंय तिला ते दिल्यावर चमत्कार दिसतो. जिचं दुखणंच वेगळं आहे, तिचं त्यानं काय भलं होणार?

प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तू यादीत पहिलं ठेवलंस. ते श्वॉन पेशी स्वतःही बनवतात, आणि इजा झालेल्या नसेत ते मायलिनला मदत करतं हे 1995 पासून माहीत आहे. पण वर सांगितलेल्या आजाराच्या उंदरांना तेच दिलं तेव्हा आधीच जास्त असलेलं पीएमपी-22 आणखी वाढलं आणि दुखणं बळावलं. त्यांना फायदा झाला तो प्रोजेस्टेरॉनचं काम अडवणाऱ्या औषधानं. हे 2003 चं काम मुळातून वाच, सारांशावर भागवू नकोस.

फॉर्स्कोलिनबद्दल थोडक्यात. ते आपल्याकडच्या कोलियसच्या मुळातून मिळतं, तुळशीच्याच कुळातलं झाड. पेशीतलं सायक्लिक एएमपी हे निरोप पोचवणारं द्रव्य वाढवतं. सोबत वाढीचे घटक असतील तर श्वॉन पेशी विभागत सुटतात, नसतील तर विभागणं थांबवून मायलिनची जनुकं चालू करतात. आणि अक्षतंतूच नसेल, तर जनुकं चालू होऊनही गुंडाळणार कशाला?

माझं ऐकशील तर अकरातली तीनच ठेव, आणि प्रयोगात नसेला करायची इजा अशी निवड की आवरण जातं पण तंतू जिवंत राहतो. लायसोलेसिथिन या मायलिन नष्ट करणाऱ्या रसायनानं ते करता येतं. 2025 च्या सुरुवातीला पुण्यात गियाँ-बारे या नसांच्या आजाराची साथ आली होती, ती आठव. त्या आजाराच्या एका प्रकारात शरीराचीच प्रतिकारशक्ती मायलिन ओरबाडते, पण तंतू वाचला असेल तर श्वॉन पेशी पुन्हा वेढे घालतात आणि माणूस काही महिन्यांत चालू लागतो. नवे तुकडे आखूड आणि पातळ असतात. तुझ्या संयुगानं ते महिने कमी झाले, तर ते काम सोन्याचं.

आता पत्राच्या शेवटी तू लिहिलेलं ते वाक्य. वडील म्हणतात, "पायस्ले मुंग्या येतस." आणि हे सगळं तू त्यांच्यासाठी करते आहेस. माय, त्यांना आहे त्या मधुमेहात आधी मरतात ते बहुधा टोकाकडचे बारीक तंतू, आणि त्यातल्या बहुतेकांवर मायलिन नसतंच. तबकडीतलं काहीही घरी नेऊन त्यांना द्यायचं नाही, वनस्पतीचं असलं तरी. ते किती वर्षं मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेतात ते विचार. त्यानं बी-12 हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि बी-12 कमी झालं तरी अशाच मुंग्या येतात. रक्त तपासून घे, साखरेचे आकडे डॉक्टरांना दाखव. केळीच्या बागेत पाणी सोडायला ते अनवाणी जातात, मी पाहिलं आहे. त्यांना बूट घेऊन दे आणि रोज रात्री दिव्याखाली त्यांचे तळवे स्वतः बघ. काटा रुतला तरी त्यांना कळणार नाही.

बी-12 चा आकडा आला की मला फोन कर. आराखडा त्यानंतर पाठवलास तरी चालेल.

तुझे,
सर