अमेरिकेत काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, मतदारसंघ न्याय्य आखलेत की नाही, हे कसं ठरवतात?

आकार बघून तर अजिबात नाही. न्यू जर्सीतले माझे दाजी वर्षानुवर्षं एकच सांगतात: वेडावाकडा मतदारसंघ म्हणजे लबाडी, आटोपशीर म्हणजे न्याय. आमच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात नेमकं उलटं घडलं.

इथला जुना 12वा मतदारसंघ शार्लटपासून ग्रीन्सबरोपर्यंत आय-85 हायवेच्या कडेने चिंचोळा पसरला होता. कृष्णवर्णीय मतदार वंश बघून त्यात कोंबले होते, म्हणून 2016 मध्ये कोर्टाने तो रद्द केला. नवा नकाशा आला तो दिसायला एकदम नीटनेटका. दाजींचा लगेच फोन, "बघ, झालं की नाही सरळ?"

मी तेव्हा ग्रीन्सबरोत राहायचो आणि एन.सी. ए अँड टी या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठात मतदार नोंदणीच्या टेबलावर बसायचो. नव्या नकाशाची रेघ लॉरेल स्ट्रीटवरून थेट कॅम्पस कापत गेली होती. एकाच वर्गातली दोन पोरं यायची, एक 6व्या मतदारसंघात, दुसरं 13व्या. "आमचा उमेदवार कोण?" असं त्यांनी विचारलं की आधी हॉस्टेल कुठलं ते विचारावं लागायचं. दोन्हीकडे वाटली गेल्यामुळे त्या पोरांच्या मतांना कुठेच वजन उरलं नाही. आणि यात लपवाछपवीही नव्हती. नकाशा आखणाऱ्या विधिमंडळ समितीचे रिपब्लिकन नेते डेव्हिड लुइस यांनी उघड सांगितलं होतं, 10 जागा रिपब्लिकनांना आणि 3 डेमोक्रॅट्सना, म्हणजे 10-3 असा नकाशा केलाय कारण 11-2 जमेल असं वाटत नाही. निकालही 10-3च लागला.

प्रत्येक मतदारसंघात समान लोकसंख्या हवी वगैरे नियम तुम्हाला माहीत असतीलच. खरी कसोटी वेगळी आहे. तेच नियम पाळून, पण पक्ष न बघता, कंप्युटरवर हजारो नकाशे काढायचे आणि खरा नकाशा त्यांत कुठे बसतो ते तपासायचं. राज्यशास्त्राचे प्राध्यापक जोवेई चेन यांनी असे 3,000 काढले. एकूण एक नकाशात डेमोक्रॅट्सना किमान एक जागा जास्त मिळत होती! तरी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5-4 ने सांगितलं की पक्षीय आखणीचा निवाडा करणं फेडरल (केंद्रीय) कोर्टांचं काम नाही. मला तो निकाल आजही पटलेला नाही. पुढे राज्याच्या कोर्टाने तो नकाशा थांबवला, 2022 मध्ये जागा 7-7 झाल्या (तोवर राज्याच्या एकूण जागा 13च्या 14 झाल्या होत्या), मग विधिमंडळाने पुन्हा आखणी केली आणि 2024 मध्ये रिपब्लिकनांच्या बाजूने 10-4.

रेघ मारण्याचं काम निवडणूक लढवणाऱ्यांकडे नसावंच. मिशिगनच्या मतदारांनी 2018 मध्ये ते 13 नागरिकांच्या आयोगाकडे दिलं.

डेमोक्रॅट्सही धुतल्या तांदळासारखे नाहीत, मेरीलँडमध्ये त्यांनी आखलेल्या नकाशाचा खटला सुप्रीम कोर्टाच्या त्याच निकालात होता. आणि मतांच्या टक्केवारीशी जागांची टक्केवारी जुळवत बसू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये रिपब्लिकनांना साधारण तिसरा हिस्सा मतं मिळतात, पण ती राज्यभर इतकी सारखी पसरलीत की सगळ्या 9 जागा डेमोक्रॅट्सकडे जातात. तिथे लबाडी शोधून सापडणार नाही. दाजी मात्र दर वेळी हेच उदाहरण माझ्या तोंडावर मारतात, आणि तिथले मतदारसंघ कसे दिसतात त्यावर बोलत राहतात.