२४०० च्या मोडेमवर यूझनेट वाचायचं तर टीआरएन

तुमचा प्रश्न असा: जुन्या पीसीवरून २४०० बीपीएसच्या मोडेमने एका युनिक्स मशीनवर लॉगिन करून यूझनेट, म्हणजे जगभरच्या चर्चा-ग्रुपांचं जाळं, वाचायचंय, तर टिन, टीआरएन, एनएन, एसएलआरएन या न्यूजरीडरांतलं (ते ग्रुप वाचायच्या प्रोग्रॅमांतलं) काय घ्यावं? मी टीआरएन घेईन.

न्यूजरीडर चालणार त्या युनिक्स मशीनवर. न्यूज सर्व्हरशी त्याचं बोलणं तिकडच्या तिकडे होतं. फोन लाइनवरून तुमच्याकडे येतात ती फक्त स्क्रीनवरची अक्षरं, आणि २४०० ला ती सेकंदाला साधारण २४० येतात. ८० रकाने, २४ ओळी, म्हणजे गच्च भरलेली स्क्रीन उमटायला ८ सेकंद! व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी इंटरनेट कंपनीचं टेक्स्टवालं शेल अकाउंट ज्यांनी वापरलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. तेव्हा जो प्रोग्रॅम स्क्रीनवर कमीत कमी लिहितो तो आपला.

टिन शिकायला सगळ्यात सोपं. पण ग्रुपांची यादी, विषयांची यादी, मग लेख, अशा प्रत्येक पायरीला ते अख्खी स्क्रीन नव्याने काढतं. १४,४०० बीपीएसच्या मोडेमवर चालून जातं, २४०० वर जीव नकोसा होतो.

टीआरएन म्हणजे लॅरी वॉलच्या आरएन या न्यूजरीडरला वेन डेव्हिसनने दिलेली थ्रेडची (लेख आणि त्याची उत्तरं एकत्र दाखवण्याची) जोड. आरएन १९८४ चं. तेव्हा ३०० आणि १२०० चे मोडेम सर्रास होते, आणि ते लक्षात ठेवून केलेल्या सोयी आजही त्यात आहेत. प्रोग्रॅम सुरू करताना वजा-टी (-t) दिलं की सूचना अगदी त्रोटक येतात. वजा-ई (-e) दिलं की पुढचं पान स्क्रीनच्या माथ्यापासून सुरू होतं. पान पूर्ण उमटायची वाट न बघता वरून वाचायला लागायचं. वजा-एच (-h) दिलं की विषय सोडून हेडरच्या, म्हणजे लेखाच्या वरच्या माहितीच्या, बाकी ओळी गायब. पाथ, मेसेज-आयडी, रेफरन्सेस या ओळी लांबलचक असतात आणि वाचताना त्यांचा काडीचा उपयोग नसतो. पाठवणाऱ्याचं नाव तेवढं अधिक-एच (+h) देऊन परत आणा.

लेखाच्या पहिल्या पानाच्या ओळी आरएन लाइनचा वेग बघून स्वतःच कमी करतं. मात्र मध्ये टर्मिनल सर्व्हर (मोडेम आणि युनिक्स मशीन जोडणारा डबा) असेल तर युनिक्सला मोडेमचा खरा वेग कळत नाही. म्हणून वजा-आय-बरोबर-८ (-i=8) असं स्वतःच सांगून टाका. आठ ओळींत लेख कामाचा आहे की नाही ते समजतं.

आणि टॅब! कुणी आधीचा अख्खा लेख उद्धृत करून खाली दोन ओळी लिहिल्या असतील, तर लेखात असताना टॅब दाबा, उद्धृत भाग ओलांडून थेट नव्या मजकुरावर जाता. नको असलेल्या विषयावर छोटा के दाबला की त्या विषयाचे सगळे लेख वाचलेले धरले जातात. मोठा के दाबला तर तो विषय किल फाइलमध्ये, म्हणजे कायमच्या नको-यादीत, जातो.

ग्रुप खूप असतील आणि प्रत्येकातले मोजकेच लेख वाचायचे असतील, तर किम स्टॉर्मचं एनएनही उत्तम. यादीतून अक्षराने लेख निवडायचे, बाकीचे टाकून पुढे.

एसएलआरएन मला मनापासून आवडतं, त्याचं स्कोअरिंग (लेखांना आवडीप्रमाणे गुण देणं) फार चांगलं आहे. पण त्याची खरी गंमत घरच्या मशीनवर युनिक्स असून पीपीपीने, म्हणजे फोनवरून घरचं मशीनच थेट इंटरनेटला, जोडणी असेल तेव्हा. मग एसएलआरएन-पुलने लेख एकदम उतरवून घ्यायचे, फोन ठेवायचा आणि निवांत वाचायचं.