पाच मीटर उडणारी आणि कोरी पाटी

प्रश्न : ताई, माझी तेरा वर्षांची मुलगी यंदापासून पोल व्हॉल्ट, म्हणजे लांब काठीच्या (पोलच्या) आधाराने आडव्या पट्टीवरून उडी मारणं, शिकते आहे. रशियाची विश्वविक्रमी खेळाडू येलेना इसिनबायेवाच्या जुन्या स्पर्धा ती रोज बघत बसते. परवा विचारत होती, ‘पाच मीटर उडणारी बाई २००९च्या जागतिक स्पर्धेत एकही उंची पार करू शकली नाही, असं कसं? इतरांबरोबर खालून सुरुवात केली असती तर पदक मिळालं नसतं का?’ मला काही सांगता आलं नाही. आणि तेराव्या वर्षी सुरुवात म्हणजे उशीर झाला का?

उत्तर : मिळालं असतं. लेकीची शंका अगदी रास्त आहे.

पोल घेऊन मीही बरीच वर्षं धावले. निकालपत्रात नावापुढे ‘नो मार्क’, म्हणजे एकही उंची पार नाही, असं लागलं की काय वाटतं, ते मला ठाऊक आहे. पट्टी ओलांडून मग हरलं तर निदान आकडा तरी मागे राहतो.

कोणत्या उंचीला उतरायचं, हे खेळाडू स्वतः ठरवते. ओळीने तीनदा चुकली की बाद. मात्र एकदा चुकल्यावर ती उंची सोडून वरची मागता येते. उरलेल्या संधी तिच्याबरोबर वर जातात, झालेली चूकही जाते. १७ ऑगस्टला बर्लिनमध्ये इसिनबायेवा थेट ४.७५ मीटरला उतरली. चुकली. ती उंची सोडून तिने ४.८० मागितली आणि तिथे दोनदा चुकली. झाला खेळ! पोलंडची अ‍ॅना रोगोव्स्का ४.७५वर जिंकली, तर दोघींना ४.६५वर रौप्य मिळालं. इसिनबायेवाने ४.६५ पहिल्या फटक्यात मारली असती, तरी पदक गळ्यात होतं.

मग ती खालून का सुरुवात करत नव्हती? कारण प्रत्येक उडीत पाय खर्ची पडतात. एवढा लांब पोल घेऊन पूर्ण वेगात धावायचं आणि तो सगळा वेग पोलमध्ये ओतायचा. अशा चांगल्या उड्या एका दिवसात मोजक्याच निघतात. विक्रमावर डोळा असेल तर त्या खालच्या उंचीवर कोण उधळणार? पण याची किंमतही असते. बाकीच्या स्पर्धक उड्या मारत असताना ही तोंडावर टॉवेल टाकून पडून राहायची. मग गार पडलेल्या अंगाने पहिलीच उडी ४.७५ची!

अथेन्स ऑलिंपिकमध्ये २००४ साली हाच जुगार जमला होता. ४.७०ला चूक, सोडली, ४.७५ला चूक, सोडली, ४.८०ला एकच संधी हातात, आणि ती साधली. पुढे ४.९१चा विश्वविक्रम करून सुवर्ण. तिथे आपण त्याला धाडस म्हणालो, बर्लिनला माज म्हणालो. मला विचाराल तर दोन्हीकडे हिशोब एकच होता. बर्लिननंतर अकराव्या दिवशी झुरिचला ती ५.०६ उडाली, आणि तो खुल्या मैदानावरचा महिलांचा विश्वविक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही.

चुकांचा हिशोब पदकाचा रंगसुद्धा ठरवतो बरं! लंडन ऑलिंपिकला जेन सूर आणि यारिस्ले सिल्वा दोघीही ४.७५वर थांबल्या, कमी चुकांमुळे सुवर्ण सूरला गेलं. इसिनबायेवा ४.७०वर तिसरी.

आता उशिराचं. इसिनबायेवा पाचव्या वर्षापासून जिम्नॅस्टिक्स करत होती. उंची वाढत गेली, पंधराव्या वर्षी तो खेळ सुटला आणि व्होल्गोग्राडमध्ये येव्गेनी त्रोफिमोव्ह यांनी तिच्या हाती पोल दिला. सिडनीला २००० साली ती पात्रता फेरीतच बाहेर पडली होती. तेव्हा तेरावं वर्ष उशिराचं नाही. पण हवेत उलटं होण्याची जी सवय तिला जिम्नॅस्टिक्सने आयती दिली, ती तुमच्या लेकीला कमवावी लागेल. दोरीवर चढणं, बारला लटकून पाय डोक्यावर नेणं हे रोज हवं.

आणि स्पर्धेत पहिली उंची सरावात दहापैकी नऊदा जाते तीच मागू दे. टॉवेल घेऊन पडायचं असेल तर खुशाल पडू दे, फक्त उडीआधी उठून चार वेळा धावून अंग गरम करायला सांगा.